पुसलेली फाइल परत मिळते. पण आधी हात आवरायला हवा

लग्नाची छायाचित्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, सोसायटीचे हिशेब, मुलांचे प्रकल्प अहवाल... एकेकाळी कपाटातल्या ट्रंकेत आणि फायलींच्या गठ्ठ्यांत सांभाळले जाणारे हे सारे आता घरच्या संगणकात साठलेले असते. कपाटातला कागद एका झटक्यात नाहीसा होत नाही. संगणकातील फाइल मात्र एक कळ दाबताच डोळ्यांआड होते. ती डोळ्यांआड होते, नष्ट होत नाही, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. चूक लक्षात येताच घाबरून बहुतेक जण इंटरनेटवर शोधाशोध करतात, हाती लागेल ते सॉफ्टवेअर त्याच संगणकावर उतरवून घेतात आणि तेथेच चालवतात. पुसलेल्या फाइलचा खरा घात अनेकदा याच धावपळीत होतो. फाइल परत मिळणार की नाही, हे पुष्कळदा ती पुसली गेल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ठरते.

'डिलीट' होते म्हणजे काय होते?

सात-बारा उताऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी झाले म्हणून जमीन जागची हलत नाही. नोंद बदलते, जमीन तेथेच राहते. हार्ड डिस्कवरील फाइलचेही तसेच असते. डिस्कच्या एका भागात फाइलचा मजकूर असतो आणि कोणती फाइल कोठे ठेवली आहे, याची नोंद दुसऱ्या भागात असते. फाइल पुसण्याचा आदेश मिळाला की संगणक मजकुराला हात लावत नाही. तो केवळ नोंदीवर 'ही जागा मोकळी आहे' असा शेरा मारतो. मात्र मोकळी ठरलेल्या त्या जागेवर उद्या दुसरी फाइल येऊन बसली, की पहिलीचा मजकूर कायमचा जातो. नोंद नसलेल्या जमिनीवर दुसऱ्याने घर बांधावे, तसाच हा प्रकार.

पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डांमध्ये आजही दिसणाऱ्या 'फॅट' या पद्धतीत पुसलेल्या फाइलच्या नावाचे पहिले अक्षर काढून तेथे एक ठरावीक खूण घातली जाते. बाकीचे नाव तसेच राहते. म्हणूनच जुन्या काळी फाइल परत आणणारे प्रोग्राम वापरणाऱ्याला नावाचे पहिले अक्षर विचारत असत. विंडोजच्या 'एनटीएफएस' या पद्धतीत 'मास्टर फाइल टेबल' नावाची नोंदवही असते. तेथे फाइलची नोंद 'वापरात नाही' एवढेच दर्शवू लागते. ती नोंद दुसऱ्या फाइलला दिली जाईपर्यंत नाव, आकार, तारीख आणि मजकुराचा पत्ता बहुधा शाबूत असतो.

या गुणाचा उपयोग करून घेण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील पीटर नॉर्टन यांच्या 'नॉर्टन युटिलिटीज' या १९८२ मध्ये आलेल्या संचात पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम होता. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एमएस-डॉस ५' मध्ये 'अनडिलीट' हा आदेशच दिला. १९९५ च्या विंडोजबरोबर 'रिसायकल बिन' ही कचरापेटी पडद्यावर आली आणि चूक सुधारणे सर्वसामान्यांच्याही आवाक्यात आले.

पहिला नियम : काही नवे लिहू नका

फाइल चुकून पुसल्याचे लक्षात येताच सर्वप्रथम 'कंट्रोल' आणि 'झेड' या कळी एकत्र दाबून पाहाव्यात. फाइल नुकतीच त्याच खिडकीतून कचरापेटीत गेली असेल, तर ती जागेवर परत येते. त्यानंतर रिसायकल बिन उघडावा, फाइल निवडून उजवी कळ दाबावी आणि 'रिस्टोअर' म्हणावे. तेथेही ती नसेल तर नावाने शोध घ्यावा. माउस घसरून अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन बसल्याचे प्रकार नेहमी घडतात आणि घरात 'फाइल उडाली' असा ओरडा होतो.

पुढील प्रकारांत मात्र फाइल कचरापेटीत सापडत नाही : 'शिफ्ट' कळ दाबून डिलीट केलेली, पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावरून पुसलेली, नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकातून काढलेली, तसेच कचरापेटीच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असलेली फाइल. अर्थात, पेटी आधीच रिकामी केली असेल तरी तीच गत.

येथून पुढे खरी कसोटी सुरू होते. त्या डिस्कवर आता काहीही नवे लिहिले जाऊ नये. नवे सॉफ्टवेअर बसवू नये, चित्रपट उतरवू नये, डिस्कची 'डिफ्रॅगमेंट' ही आवराआवर तर मुळीच करू नये. 'आपण काहीच करत नाही' एवढ्यावरही विसंबता येत नाही. संगणक नुसता चालू असला तरी विंडोज स्वतःची अद्ययावत आवृत्ती उतरवत असते, ब्राउझर पाहिलेल्या पानांच्या प्रती साठवत असतो आणि स्मृती अपुरी पडली की विंडोज डिस्कवरच तात्पुरती मांडामांड करते. त्यामुळे फाइल 'सी' ड्राइव्हवरची आणि महत्त्वाची असेल, तर संगणक बंद करावा. ती हार्ड डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तेथून शोध घ्यावा. डिस्क काढणे शक्य नसल्यास पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवर संगणक सुरू करता येतो.

कॅमेऱ्यातील कार्डाचा नियम तर याहून सोपा आहे. समारंभात फोटो पुसले गेले, तर कार्ड त्याच क्षणी बाहेर काढावे आणि उरलेला समारंभ दुसऱ्या कार्डावर टिपावा.

सॉफ्टवेअरच्या आधी जुन्या प्रती तपासा

अनेकदा फाइलची दुसरी प्रत आधीच कोठेतरी असते. गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या व्यक्तिगत खात्यात पुसलेल्या फायली त्यांच्या स्वतंत्र कचरापेटीत ३० दिवस राहतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली छायाचित्रे कचरापेटीत ६० दिवस राहतात. संगणकावरचा रिसायकल बिन रिकामा केला तरी इंटरनेटवरच्या या पेट्या वेगळ्या असतात, हे विसरू नये.

विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'प्रीव्हियस व्हर्जन्स' पाहावे. २०१२ च्या विंडोज ८ पासून असलेली 'फाइल हिस्टरी' ही सोय आधी सुरू करून ठेवली असेल, तर जुन्या तारखेची प्रत तेथे मिळू शकते. ॲपलच्या मॅकवर हेच काम २००७ पासून 'टाइम मशीन' करते. विंडोजचे 'सिस्टीम रिस्टोअर' मात्र या कामाचे नाही. ते विंडोजची मांडणी मागे नेते, घरगुती कागदपत्रे व छायाचित्रे परत आणत नाही.

मजकूर लिहीत असताना वीज गेली आणि फाइल 'सेव्ह' करायची राहिली, तर मायक्रोसॉफ्ट वर्ड पुन्हा उघडावे. मुळातील मांडणी बदललेली नसेल तर वर्ड दर दहा मिनिटांनी तात्पुरती नोंद ठेवते. २०१० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत 'फाइल', 'इन्फो' या क्रमाने गेल्यास न साठवलेले मसुदे दाखवणारा पर्याय सापडतो.

शोध घेणारी साधने

हे सारे उपाय थकले की फाइल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची पाळी येते. घरगुती वापरासाठी पैसे न मोजता मिळणारी साधने पुरेशी चांगली आहेत. २००७ मध्ये आलेले 'रिकुव्हा' हे विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर नवख्यालाही जमेल असे आहे. फ्रान्समधील ख्रिस्तोफ ग्रेनिए यांची 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही मुक्त साधने विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतात. हरवलेले विभाजन सापडवण्यात पहिले आणि छायाचित्रे वेचण्यात दुसरे उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे 'विंडोज फाइल रिकव्हरी' २०२० मध्ये दिले. ते विंडोज १० च्या त्या वर्षीच्या आवृत्तीपासून पुढे चालते. मात्र त्यात चित्रे-बटणे नाहीत, आदेश टंकित करावे लागतात.

ही साधने दोन पद्धतींनी काम करतात. पहिल्या पद्धतीत नोंदवहीतील जुन्या नोंदी वाचल्या जातात. नोंद शाबूत असेल तर फाइल नाव आणि फोल्डरसह परत मिळते. दुसरी पद्धत नोंदवहीकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या आरंभी काही ठरावीक खुणा असतात. जेपीईजी छायाचित्राची सुरुवात 'एफएफ डी८' या बाइटच्या जोडीने होते आणि शेवट 'एफएफ डी९' या जोडीने. अशा खुणा शोधत सॉफ्टवेअर डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळते. नुकतीच फॉरमॅट केलेली किंवा बिघडलेली डिस्क असली तरी ही पद्धत कामी येते. परंतु फायलींची मूळ नावे मिळत नाहीत. हजारो छायाचित्रे आकड्यांच्या नावाने समोर येतात आणि ती लावत बसणे हेच मोठे काम होऊन बसते. फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांनी साठवलेली असेल, तर या पद्धतीने ती अर्धवटही हाती लागू शकते.

सापडलेली फाइल त्याच डिस्कवर साठवू नये, हा येथला अटळ नियम आहे. एक फाइल वाचवताना शेजारची दुसरी त्यामुळे गाडली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्टचे साधन तर मूळ ड्राइव्हवर फाइल उतरवू देतच नाही. त्याहूनही सुरक्षित मार्ग म्हणजे आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे 'इमेज', दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. महागड्या सॉफ्टवेअरच्या 'क्रॅक' केलेल्या आवृत्तीच्या मोहात पडू नये. तिच्यासोबत येणारा व्हायरस उरलेल्या फायलींवरही पाणी सोडायला लावू शकतो.

मराठी वाचकांसाठी येथे एक खास सूचना. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आयलीप, कृतिदेव अशा फाँटमध्ये टंकलेले जुने लेख, पत्रिका वा हिशेब परत मिळाल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. फाइल खराब झाली, असे समजून ती टाकून देऊ नये. त्या काळचा फाँट संगणकावर बसवला, की तोच मजकूर पुन्हा वाचता येतो.

एसएसडीने बदललेले गणित

वरील सारे विवेचन प्रामुख्याने फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला, पेन ड्राइव्हला आणि कार्डांना लागू पडते. आता नव्या संगणकांत बहुधा 'एसएसडी' असते आणि तेथे पुसलेल्या फाइलचे नशीब वेगळे असते.

एसएसडीतील चिपवर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. जुना आधी पुसावा लागतो आणि पुसण्याचे काम वेळखाऊ असते. लिहिण्याचा वेग टिकावा म्हणून 'ट्रिम' नावाचा आदेश आला. विंडोजमध्ये २००९ च्या विंडोज ७ पासून तो अंगभूत आहे. फाइल पुसताच विंडोज एसएसडीला 'ही जागा आता लागणार नाही' असे कळवते आणि ड्राइव्ह सवडीने ती जागा आतून साफ करून ठेवतो. अनेक ड्राइव्ह तर आदेश मिळताच त्या जागी नुसती शून्ये दाखवू लागतात. उताऱ्यावरून नाव कमी होताच पालिकेचा बुलडोझर दारात उभा राहावा, तसेच हे. अशा वेळी कोणतेही सॉफ्टवेअर चालवून उपयोग होत नाही.

ज्या घरात एसएसडी आहे, तेथे यावरून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. फाइल रिसायकल बिनमध्ये आहे तोवर ट्रिमचा आदेश जात नाही. त्यामुळे 'शिफ्ट-डिलीट'ची सवय सोडावी आणि पेटी रिकामी करण्याची घाई करू नये. दुसरे म्हणजे, येथे राखीव प्रतीला पर्याय नाही. डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कोठे ठेवली आहे, हेही घरात किमान एकाला ठाऊक असावे. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर तिच्यावाचून काहीही वाचता येत नाही.

फॉरमॅटचेही असेच आहे. 'क्विक फॉरमॅट' केवळ नोंदवही नवी करते, त्यामुळे फिरत्या डिस्कवरील मजकूर बराचसा परत मिळू शकतो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. त्यानंतर आशा ठेवू नये.

घरगुती उपाय कोठे थांबवावेत?

डिस्कमधून 'टक-टक' असा आवाज येत असेल, ती मधूनच दिसेनाशी होत असेल, पाण्यात भिजली वा हातातून पडली असेल, तर दोष नोंदींचा नसून यंत्राचा आहे. अशी डिस्क चालू ठेवून सॉफ्टवेअर चालवणे म्हणजे लंगडणाऱ्या घोड्याला शर्यतीत पळवणे. तिची वीज तत्काळ तोडावी. डिस्क घरी उघडू नये. फिरती चकती आणि तिच्यावरून सरकणारे वाचक-टोक यांतले अंतर धुळीच्या कणाहूनही कितीतरी कमी असते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपायही करू नये, आत दव साठते.

तज्ज्ञ प्रयोगशाळा काय करू शकतात, याचे उदाहरण भारतीयांच्या मनाला चटका लावून गेलेल्या दुर्घटनेत आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या हार्ड डिस्कमधून ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. त्यात यानावरील एका भौतिकशास्त्रीय प्रयोगाच्या नोंदी होत्या. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र हे काम खर्चिक असते. डिस्क दुरुस्तीला देण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, मूळ डिस्कवर काही लिहिले जाणार नाही ना, याची खात्री करावी आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी पाहावी. वॉरंटीत सामान्यतः डिस्क बदलून मिळते, तिच्यातली माहिती नाही.

पुसलेले इतरांनाही मिळते

पुसलेली फाइल परत मिळते, ही गोष्ट जुना संगणक विकताना उलटते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट साफ केलेल्या निघाल्या अवघ्या १२. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक होते. तेव्हा फिरती हार्ड डिस्क भंगारात किंवा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तिचे पूर्ण फॉरमॅट करावे. एसएसडीसाठी उत्पादक कंपनीचे 'सिक्युअर इरेज' हे साधन वापरावे.

राखीव प्रत : खरी शाश्वती

'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना १९९८ मध्ये पिक्सार कंपनीच्या संगणकांवरून एका चुकीच्या आदेशाने त्याचा बराच मोठा भाग पुसला गेला. राखीव प्रत घेणारी यंत्रणा होती. पण ती नीट चालत नसल्याचे त्या दिवशीच उघड झाले. चित्रपट वाचवला तो एका घरच्या संगणकाने. गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिका मुलाच्या जन्मानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरी चित्रपटाची प्रत होती. १९९९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे रूढ झालेला '३-२-१' हा नियम घरासाठीही पुरेसा आहे. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. संगणकावर एक, महिन्यातून एकदा जोडायच्या बाह्य हार्ड डिस्कवर दुसरी आणि इंटरनेटवर किंवा नातेवाइकाच्या घरी तिसरी, एवढे केले तरी पुरते. बाह्य डिस्क एरवी काढून ठेवावी. आपोआप जुळणी करणारे ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकावर पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते आणि ३० दिवसांची मुदत उलटली की संपते. दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा बाह्य डिस्क जोडून तिच्यातील चार-दोन फायली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखीच.

फाइल पुसली गेल्यास, याच क्रमाने

१. कंट्रोल-झेड, रिसायकल बिन व नावाने शोध.
२. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांच्या कचरापेट्या मोबाइलवरून तपासणे.
३. न सापडल्यास संगणक बंद. कार्ड किंवा पेन ड्राइव्ह काढून बाजूला.
४. हार्ड डिस्क की एसएसडी, हे पाहणे. एसएसडी असल्यास जुन्या प्रतींचाच शोध.
५. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून सॉफ्टवेअर तेथून चालवणे. सापडलेल्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवणे.
६. विचित्र आवाज आल्यास वीज तोडून डिस्क थेट तज्ज्ञाकडे.